बटण दाबलं म्हणजे मोटर चालू झाली असं नाही



ह्या पानावर आपण खत, पाणी, कीड, ऊसतोड असल्याच नोंदी ठेवतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण रानातलाच आहे. मोबाईलचा आणि त्यातल्या ॲपचा. आता निम्मी शेती फोनातनं चाललीय. पीक नोंद फोनवर, सातबारा फोनवर, मोटर फोनवर, हवामान फोनवर. ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं तर आपण दहा जणांना विचारतो, क्लच कसा आहे, डिझेल किती खातोय, पार्ट मिळतात का. ॲपच्या बाबतीत असलं कोण विचारत नाही. "डाऊनलोड करा" म्हणतात, आपण करतो. चांगलं का वाईट हे वापरणाऱ्याला विचारायला कोण येत नाही. म्हणून आज वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहितोय. माझं शिक्षण दहावी, सॉफ्टवेअर कसं बनतं ते मला कळत नाही. पण अवजार चांगलं कुठलं हे पस्तीस वर्षांत हाताला कळलंय.

माझी कसोटी एकच आहे. अवजारानं काय झालं ते खरं सांगावं. मी काय सांगितलं ते मला माहीतच आहे, ते परत ऐकवायची गरज नाही.

मोटरचं उदाहरण घेतो, कारण ते सगळ्यांना लागू आहे. शेतीची लाईट पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. आमच्या वडिलांच्या काळात लाईट आली का बघायला विहिरीवर जावं लागायचं. मग लोकांनी स्वतःच डोकं लावलं. मोटरच्या खोलीवर उंच बांबूला बल्ब बांधला. लाईट आली की बल्ब पेटायचा, घराच्या दारातनं दिसायचा. कुठल्या कंपनीनं काढलेलं ते डिझाईन नव्हतं, पण त्याच्याएवढं सोपं आणि खरं मी अजून बघितलेलं नाही. बल्ब पेटला म्हणजे लाईट आहे. खोटं बोलायची त्याला सोयच नव्हती.

मग ऑटो स्विच आला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. झोपमोड वाचली. पण एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटरी एकाच क्षणाला उठल्या की डीपीवर लोड येतो, फ्यूज जातो, कधी डीपीच जळतो. म्हणून महावितरण सांगतंय की ऑटो स्विच काढा आणि मोटरला कपॅसिटर बसवा. म्हणजे एकट्याची सोय झाली आणि सगळ्या शिवाराची गैरसोय झाली. नवीन वस्तू घेताना आपण ही बाजू बघत नाही, आणि विकणारा सांगत नाही.

त्यानंतर मोबाईलचा स्टार्टर आला. ह्यात आपल्या महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' काढलं. स्टार्टरला एक यंत्र जोडायचं. घरातनं साध्या बटणाच्या फोननं फोन लावायचा, आकडे दाबायचे, मोटर चालू किंवा बंद. तिथं लाईट आहे का नाही ते फोनमधल्या आवाजावरनं कळायचं. 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं, वाचता येणं सुद्धा लागत नव्हतं. ज्याला फोन लावता येतो त्याला मोटर चालवता येत होती. आज बाजारात असे स्टार्टर ढीगभर आहेत, पण त्या मूळ विचारात जे शहाणपण होतं ते सगळ्यांनी घेतलं असं नाही.

मी पण काही वर्षांपूर्वी असाच एक बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला कुणाशी भांडायचं नाही, मुद्दा सांगायचाय. पहिली काही वर्षं तो फोनवर चालायचा. फोन लावला की मराठीत बाई बोलायची, लाईट आहे, मोटर चालू झाली. मग कंपनीनं ॲप काढलं. दिसायला देखणं, मोठं गोल हिरवं बटण. एका रात्री बटण दाबलं, हिरवं झालं, "चालू" असं आलं. सकाळी रानात गेलो तर सऱ्या कोरड्या. स्टार्टरच्या कॉइलनं पकडच घेतली नव्हती. ॲपनं हुकूम पाठवला होता, एवढंच खरं होतं. हुकूम पोचला का, मोटर उठली का, पाणी आलं का, हे त्यानं बघितलंच नाही. उन्हाळ्यातली एक पाळी चुकली. पाण्याची पाळी चुकणं म्हणजे काय ते खोडवा ठेवणाऱ्याला सांगायला नको.

मेकॅनिक आला, त्याच्याशी बोलताना एक गोष्ट पक्की झाली. माझी पाच एचपीची मोटर पाणी उचलताना साधारण सात अँपिअर घेते. फूट व्हॉल्व्ह गळला आणि पंपानं हवा धरली तर आकडा खाली येतो. फेज गेला तर मोटर घुमते आणि राहिलेल्या फेजवर आकडा वर जातो. म्हणजे अँपिअर बघितला की रानात न जाता बरंचसं कळतंय. मग ॲपनं हिरवं बटण दाखवण्यापेक्षा अँपिअर दाखवावा की! "सात अँपिअर, पाणी चढतंय" एवढं दिसलं तर माणूस निवांत झोपतो. रात्रीचं रानात जाणं म्हणजे साप आहे, ओल्या पेटीचा शॉक आहे, राधानगरी-भुदरगडच्या बाजूला गवा आहे. जे यंत्र आपल्याला रात्री घरात बसवतंय, त्यानं खोटं बोलून चालत नाही.

आता ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. आधी तलाठी गाव नमुना बारामध्ये पीक लिहायचे, आता आपलं पीक आपण रानात उभं राहून, फोटो काढून नोंदवायचं. ही नोंद नसली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसलं नाही तर नुकसान भरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडं अडचण. म्हणजे हे ॲप गंमत म्हणून उघडायचं नाही, वर्षाचा पैसा त्यावर आहे.

ह्या ॲपमध्ये 1 ऑगस्ट 2022 ला जे दुसरं व्हर्जन आलं, त्यातल्या दोन गोष्टी मला डिझाईन म्हणून फार आवडल्या. एक, नोंद केल्यावर 48 तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येते. बोट घसरलं, सोयाबीनच्या जागी भुईमूग झालं, तर कुणाच्या दारात जायला नको. दुसरी, गावातल्या खातेदारांची यादी बघता येते, आणि ज्यांची पाहणी झाली त्यांची नावं हिरवी दिसतात. हे मला बांबूवरच्या बल्बासारखं वाटतं. लांबनं बघितलं तरी कळतंय.

आमच्या शेजारी एक आक्का आहेत. वय पासष्टच्या पुढं, मालक वारले, जमीन त्यांच्या नावावर. साधा फोन वापरतात. पीक नोंद पुतण्याच्या फोनवरनं होते, कारण एका फोनवरनं दुसऱ्या खातेदाराची नोंद करता येते. ही सोय चांगलीच आहे, नाहीतर अशा बायकांनी काय करायचं? पण आक्कांचा प्रश्न मला पटला. म्हणाल्या, "बाळ, त्यो म्हंतोय नोंद झाली. पर झाली हे मला कसं कळायचं?" पुतण्यावर त्यांचा अविश्वास नाही. पण जमीन आपली, आणि झालं का नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे त्यांना सोसत नाही. मी त्यांना यादीतलं हिरवं नाव दाखवलं. डोळ्याजवळ फोन धरून बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आन् कागद?" डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतोय, पंधरा रुपये भरायचे. पीक चढल्यावर तो काढून दिला. घडी घालून पिशवीत ठेवला. आपण हसू नये. आक्कांना जे पाहिजे होतं तेच मला मोटरच्या ॲपकडनं पाहिजे होतं. झालेल्या कामाची खूण.

आता जागेचं. आमचं कळंबा कोल्हापूरला चिकटलेलं, तलावाच्या वरपर्यंत बंगले आलेत, त्यामुळं रेंज भरपूर. पण माझ्या मेव्हण्याचं रान भुदरगडात डोंगराच्या कुशीत. तिथं फोनवर बोलणं कसंबसं होतं, नेट चालत नाही. ज्या ॲपला सारखं नेट लागतं ते तिथं मेलेलं. म्हणून रानात काढलेला फोटो फोनमध्ये राहावा आणि रेंजमध्ये आल्यावर वर जावा, ही सोय लागतेच. पण तिथं पण माझी कसोटी लावा. "फोनमध्ये ठेवलंय" आणि "सरकारकडं पोचलंय" ह्या दोन गोष्टी स्क्रीनवर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. दोन्हीला "जतन केले" असं एकच वाक्य लिहिलं तर माणूस घरी येऊन निवांत बसतो आणि तारीख निघून जाते.

आणखी एक. ॲप बनवणारी पोरं एसीत बसून बनवतात. एकदा दुपारी बारा वाजता रानात या. उन्हात फिक्या करड्या रंगाचं अक्षर दिसत नाही. बोट ओलं किंवा चिखलाचं असलं की स्क्रीन ऐकत नाही. चष्मा घरात राहिलेला असतो. आणि दर दोन महिन्याला अपडेट आला की बटण जागा बदलतं. आमच्या विळ्याची मूठ कधी जागा बदलत नाही, म्हणून हात न बघता चालतो. जे रोज वापरायचं त्याची जागा हलवू नका.

आता एआयचं वारं आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर त्याचं काम झालंय, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची माहिती एकत्र करून सल्ला देतात. सरकारचं 'महाविस्तार' ॲप आलंय, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. मी ह्याच्या विरोधात नाही. ज्याला टाईप करता येत नाही त्याला बोलून विचारता आलं तर ते नॅनो गणेशच्याच वाटेवरचं काम आहे. पण "आज पाणी द्या" एवढाच सल्ला मला नको. का द्या, ते सांगा. ओल किती राहिलीय, किती खोलीवर, ते सांगा. मग मी खुरप्यानं वीतभर उकरीन, माती मुठीत दाबून बघीन. गोळा होतोय का फुटतोय, ते माझा हात सांगेल. दोन्ही जुळलं तर विश्वास बसेल. नाही जुळलं तर सेन्सर तरी तपासायला पाहिजे नाहीतर माझा हात तरी. कारण न सांगता हुकूम देणाऱ्या यंत्राचं आपण एक हंगाम ऐकतो, दुसऱ्या हंगामाला ते कोपऱ्यात पडतं.

तर कृषी खात्यातले साहेब आणि कंपनीची पोरं हे वाचत असतील तर आमचं मागणं एवढंच:

1. बटण दाबलं हे दाखवू नका, काम झालं का ते दाखवा.
2. झालं नाही तर का झालं नाही ते साध्या मराठीत सांगा. "एरर" म्हणजे आम्हाला काय कळायचं?
3. चूक दुरुस्त करायला वेळ द्या. 48 तासांची सोय हा चांगला नमुना आहे.
4. नेट नसलं तरी चालेल असा एक रस्ता ठेवा. फोन, मेसेज, काहीही.
5. वाचता न येणाऱ्याला आवाज द्या आणि मागितला तर कागद द्या.

आणि आपल्या शेतकरी भावांना एक. मोबाईलचा स्टार्टर घ्यायला गेलात तर दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, "मोटर उठली नाही तर हे मला काय सांगणार?" त्याला डेमो करायला लावा, एक फेज काढून दाखवायला सांगा. ते काम तारतंत्र्यानंच करावं, तुम्ही हात घालू नका. फेज काढल्यावर पण यंत्र "चालू" म्हणत असेल तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

तुमच्याकडं कुठला स्टार्टर, कुठलं ॲप खरं बोलतंय आणि कुठलं नुसतं हिरवं होतंय, ते लिहा. आपल्यात दहा जणांनी लिहिलं तर अकराव्याची पाळी चुकणार नाही.

पुढची नोंद आडसालीच्या भरणीवर.
राम राम.