बानबाला कुणी कारण विचारत नाही

मराठीत छंद असतो, नाद असतो आणि खूळ असतं. छंद बायोडेटात लिहिता येतो. नाद घरच्यांपासून लपवायचा असतो. खूळ मात्र आपण सांगत नाही, ते लोक आपल्यामागे सांगतात.

मला एसटीचं खूळ आहे. परीक्षेवाली नाही, लाल डब्बा एसटी. नंबर प्लेट बघून महामंडळाच्या गाडीची बॉडी कुठे बांधली ते बहुतेक वेळा ओळखता येतं. एमएच 14 असेल तर दापोडी, 20 म्हणजे चिकलठाणा आणि 40 दिसलं की नागपूरजवळचं हिंगणा. गाडी आज सांगली आगाराची असली तरी तिचं माहेर प्लेटवर लिहिलेलं असतं. रविवारी स्वारगेटला उभं राहून मी हे वहीत टिपते. स्टँडवर मुलगा उभा असेल तर तो गाडीची वाट बघत असतो. मुलगी उभी असेल आणि तीन गाड्या गेल्या तरी चढली नाही, तर चौथ्या गाडीपर्यंत कुणीतरी येऊन विचारतंच, 'कुणाची वाट बघताय का?'

म्हणून 'प्रिन्सेस जेलीफिश' बघताना मी हसत होते आणि मध्येच स्क्रीन थांबवत होते. जपानी नाव 'कुरागेहिमे'. अकिको हिगाशिमुराची मांगा 2008 मध्ये सुरू झाली, ॲनिमे 2010 मध्ये आलं. फक्त 11 भाग आहेत, एका वीकेंडला संपतात. तोक्योत अमामिझुकान नावाची एक जुनी इमारत, तिथे फक्त बायका राहतात आणि प्रत्येकीला एकेक ओताकूपणा जडलेला. त्सुकिमीला जेलीफिशचं वेड. मायायाला चीनच्या तीन राज्यांच्या इतिहासाचं, तेही असं की ती माणसं शेजारच्या गल्लीत राहत असावीत. चिएकोला किमोनो आणि बाहुल्या, जिजीला वयस्कर पुरुष. आणि डोळ्यांवर केसांचं टोपलं घेऊन हिंडणारी बानबा, तिला रेल्वे. नटलेथटलेलं कुणी समोर आलं की या सगळ्या अक्षरशः दगड होतात. भयंकर अतिशयोक्ती आहे, पण मॉलमधल्या मेकअप काउंटरसमोरून जाताना माझं जे होतं ते याहून फार वेगळं नाही.

मायायाला बघून मला पुलंचे हरितात्या आठवले. तेही इतिहासात वर्तमानकाळासारखे वावरायचे. पण अशा माणसांसाठी आपल्याकडे 'वल्ली' हा किती मायेचा शब्द आहे बघा, आणि 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या वल्ली बहुतेक सगळे पुरुष. बाईला वल्ली म्हटलेलं मी तरी क्वचितच ऐकलंय. तिला 'जरा तशीच आहे' म्हणतात.

पहिल्याच भागात त्सुकिमीला दिसतं की दुकानदाराने दोन वेगळ्या जातींचे जेलीफिश एकाच टाकीत ठेवलेत आणि त्यातला एक मरणार आहे. ती धावत जाऊन सांगते. तिची माहिती शंभर टक्के बरोबर असते, पण विस्कटलेले केस, जाड चष्मा, अडखळणारी जीभ. दुकानातला पोरगा तिला हाकलतो. मग एक झकपक सुंदरी येते, तीच गोष्ट सांगते आणि तो विरघळतो. ती सुंदरी म्हणजे कुरानोसुके, एका पुढाऱ्याचा मुलगा. त्याला बायकांचे कपडे आवडतात, म्हणून तो ते घालतो. पुढे पुरुषांना मज्जाव असलेल्या त्या इमारतीत तो 'कुराको' म्हणून बिनधास्त ये-जा करतो. मालिकेचा निम्मा विनोद या एका गुपितावर चालतो.

कुरानोसुके मला आवडतो, तरी त्याच्याशी माझं एक भांडण आहे. तो त्सुकिमीचा चष्मा काढतो, केस नीट करतो आणि ती लगेच सुंदर दिसायला लागते. हे आपण हजार हिंदी सिनेमांत पाहिलंय. त्याचं म्हणणं असतं की कपडे म्हणजे चिलखत, लढाईला उघडं जाऊ नये. इमारत पाडायला बिल्डर टपलेले असताना त्याचं चूक आहे असंही म्हणता येत नाही. पुढे जेलीफिशसारखे झालरींचे ड्रेस शिवून पैसे उभे करायचं ठरतं, म्हणजे वेड कामाला येतं. हा सल्ला मला दर दिवाळीत मिळतो. 'चॅनेल काढ ना यूट्यूबवर, एवढं माहितीये तर चार पैसे तरी येतील.' माणसं वेड माफ करायला तयार असतात, फक्त त्याने भाडं भरावं.

नाहीतर कारण द्यावं. त्सुकिमीला ते आहे. लहानपणी आई तिला मत्स्यालयात घेऊन गेली होती, लग्नात असाच झालरींचा पोशाख शिवीन म्हणाली होती, आणि मग आई गेली. हे कळलं की प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो. अच्छा, म्हणून जेलीफिश!

मागच्या वर्षी मला बघायला लोक आले होते. आईने 'वाचनाची आवड आहे' असं परस्पर सांगून टाकलं. मी म्हटलं, वाचन कमीच, मी एसटी बघते. मुलाच्या मावशीचा चेहरा मऊ झाला. 'वडील एसटीत होते का?' नाही, बाबा पतसंस्थेत क्लार्क होते. 'मग?'

त्या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसटीत कुणी वारलं नाही, कुणी भेटलं नाही. गिअर पडताना मागच्या बाकाची खिडकी थरथरते तो आवाज मला आवडतो, एवढंच. पोहे संपले. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. असेलही.

म्हणून त्या इमारतीतली माझी मैत्रीण बानबा. मी पाहिलेल्या 11 भागांत तिला भूतकाळाची गोष्ट मिळत नाही. ती रेल्वेबद्दल बोलते, बाकीच्या आपापल्या वेडाबद्दल बोलतात, कुणी कुणाचं नीट ऐकत नाही आणि सगळ्या मिळून हॉटपॉट जेवतात. 'का' विचारायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. इतकं आरामाचं घर मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलंय.

मागच्या महिन्यात आई मावशीकडे कराडला गेली होती. दुपारी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, सोबत दोनच शब्द, 'ही कुठली?' नंबर प्लेटच्या अर्ध्या भागावर आईचंच बोट आलं होतं. मी लिहिलं, परत काढ, पुढचे दोन आकडे दिसत नाहीयेत.