जुनी सजलेली की नवी साधी?



2024च्या चातुर्मासात आमच्या घरी महिनाभर एकच विषय होता, गाडी. थोरली लेक सीए झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि स्वतःच्या पैशानं गाडी घ्यायची म्हणाली. तीही स्पोर्ट्‌स कार! नातेवाईक लगेच म्हणाले, "मुलीला कशाला? लग्न झाल्यावर सासरचे बघतील." तो विषय मी तिथंच संपवला. तिची कमाई, तिची गाडी. कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न.

तिच्यासमोर दोन गाड्या होत्या. पहिली 2009ची मर्सिडीज एसएलके. दोनच सीट, बटण दाबलं की छप्पर घडी होऊन डिकीत जातं, खऱ्या कातड्याच्या सीट, वर मानेवर गरम वारा सोडायची सोय. तिचे पप्पा म्हणाले, "तो वारा आपल्या पाटसला एप्रिलात फुकट मिळतो." दुसरी टाटाची अल्ट्रोझ रेसर, जूनमध्येच बाजारात आलेली, त्यातलं सगळ्यात स्वस्त आर1 मॉडेल. इंजिन महागड्या मॉडेलचंच, 120 पीएसचं, पण सनरूफ नाही, थंड वाऱ्याच्या सीट नाहीत, चारी बाजूंचे कॅमेरे नाहीत. सगळं धरून दोन्ही गाड्या अकरा लाखांच्या आसपास जात होत्या.

मला पहिल्यांदा खटकलं ते कातडं. आपण चप्पल घेताना, पर्स घेताना उलटून पाहतो. मग रोज तासन्‌तास बसायच्या सीटचं काय? लेक म्हणाली, "आई, ते कातडं पंधरा वर्षांपूर्वीचं. मी नव्यानं काही करत नाही, करवत नाही. आणि श्रावकाच्या सामायिकात एवढ्या दोनच गोष्टी सोडायच्या असतात, अनुमोदना सोडणं साधू-साध्वींना." मुद्दा बिनचूक होता. शिवाय नवी गाडी म्हणजे नवं लोखंड, नवी खाण. ती काही अहिंसेतून तयार होत नाही. मी तिला एवढंच विचारलं, "सीट फाटली की काय करशील?" नवं कातडं चढवायचं, तर ते करवणंच झालं. रेक्झीन चढवायचं, तर आज कातड्याचे म्हणून जादा पैसे कशाला मोजायचे? यावर ती गप्प बसली आणि वही घेऊन हिशोबाला लागली.

हिशोब मांडताना तिनं जुन्या गाडीवर अन्याय केला नाही. नवी गाडी शोरूमच्या बाहेर आली की किंमत उतरते. जुनीची उतरून झालेली असते. जुनीत एअरबॅग होत्या, घसरण सावरणारी यंत्रणाही होती. पण 2009ची गाडी 2024 मध्ये पंधरा वर्षांची होते. मग आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि आरसीचं नूतनीकरण. एप्रिल 2022पासून साध्या गाडीला नूतनीकरणाचे 5,000 रुपये पडत होते, आयात गाडीला 40,000. तेही पाच वर्षांपुरतंच. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशनचा विमा सहसा मिळत नाही. छपराच्या मोटरसारखा भाग गेला तर बाहेरून मागवायचा. ती म्हणाली, "आई, या गाडीत जेवढ्या सोयी, तेवढ्या बिघडणाऱ्या वस्तू." नव्या गाडीला कंपनीची वॉरंटी होती आणि सहा एअरबॅग सगळ्यात खालच्या मॉडेललाही होत्या.

तिसरी गोष्ट आपल्या रस्त्याची. पुण्याहून यवत, चौफुला, वरवंड करत पाटस गाठायचं. साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि अंधारात कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवासुद्धा नसतो. त्यांच्यामागं जमिनीला टेकलेली गाडी मला नको वाटत होती. गावातले गतिरोधक वेगळेच. शिवाय दोन सीटच्या गाडीतून आजीला पुण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं झालं, तर सोबत जाणाऱ्यानं बसायचं कुठं?

रोज चौदा नियम घेणाऱ्या बायकांना माहीत आहे, त्यात वाहनाचीही मर्यादा असते. मी ती आजवर संख्येनंच मोजत आले, आज एक, आज दोन. या वेळी मनात आलं, की एकाच वाहनापायी किती वस्तू आणि किती काळजी घरात येते, हेही मोजावं. हौस करू नये असं मी म्हणत नाही. लेकीला वेगानं पळणारी गाडी हवी होती, ती तिला मिळाली. तिनं आर1 घेतली. छप्पर उघडत नाही म्हणून आठवडाभर हळहळली, ते मला दिसत होतं.

तुमच्या घरी असा प्रश्न आला, तर तीन गोष्टी करा. सीट, स्टिअरिंग आणि गिअरची मूठ कशाची आहे, ते लेखी मागा. सीट नकली कातड्याची असली, तरी स्टिअरिंगला खरं असू शकतं. पंधरा वर्षं पुरी व्हायला किती राहिलीत, ते आरसीवर बघा. आणि वॉरंटीबाहेरच्या गाडीसाठी वर्षाला किती रक्कम बाजूला ठेवाल, ते पैसे देण्याआधी लिहून काढा.

एक अट मी तिला घातली. शनिवारी घरी येताना चौविहार गाठायचा म्हणून गाडी पळवायची नाही. सूर्य कलायला लागला, तर चौफुल्याला गाडी बाजूला घे, डबा खा, पाणी पी आणि मग सावकाश ये. डबा मी शुक्रवारीच कुणाबरोबर तरी पाठवून देते.

जय जिनेंद्र.