कमरेइतकं झाड

चहाचं झाड मोकळं वाढू दिलं तर तीस-चाळीस फूट सहज जातं. मुन्नारच्या उतारांवर ते माणसाच्या कमरेपाशी थांबवलेलं आहे. खुडणाऱ्या बाईला वाकावं लागू नये, हात उंच करावा लागू नये, बरोबर तेवढ्यावर. काही वर्षांनी खोल छाटणी करायची, मग पुन्हा पालवी, पुन्हा खुडणी. रस्त्यावरून दिसतो तो नुसता हिरवा, सपाट माथा. खाली उकिडवं बसलं की खोडं दिसतात: जाड, गाठाळलेली, शेवाळ चढलेली. आजोबांच्या वयाची झाडं, लहान मुलाच्या उंचीची. मी बराच वेळ तशी बसून होते.

माझं काम चाकणला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणीचं. शेकडो नग एकसारखे निघावेत म्हणून त्यामागे किती हात राबतात, हे मी रोज बघते. त्यामुळे डोंगरच्या डोंगर एकाच उंचीवर कापलेले पाहिले तेव्हा आधी सौंदर्य दिसलं आणि लगेच पाठोपाठ काम दिसलं. मग ती दोन्ही वेगळी करता येईनात.

हा डोंगर परका नव्हे. देहूच्या भंडारा डोंगरावरून पश्चिमेला दिसणारी सह्याद्रीची रांग हीच पुढे दक्षिणेला केरळात जाते आणि अनमुडीला 2695 मीटर उंच होते. मग आपल्याकडे चहा का नाही? लोणावळ्याला काय पाऊस कमी पडतो? पडतो भरपूर, पण चार महिन्यांत सगळा कोसळतो आणि पुढचे आठ महिने डोंगर करपतो. चहाला पाऊस वर्षभर वाटून लागतो. मुन्नारला नैर्ऋत्य मान्सून जातो न जातो तोच ईशान्येचा येतो. त्यात आम्लधर्मी माती आणि उतार असा की पाणी मुळाशी साचत नाही. आपल्या मावळाने त्याच पावसावर इंद्रायणी तांदूळ पिकवला, तो काही कमी सुवासाचा नाही.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. शनिवार-रविवार जोडून फिरायला जाणं हे हिंजवडीच्या आयटीवाल्यांचं. माझी जोडसुट्टी जुळून आली तेव्हा मी आईला म्हटलं, चल, चहाचे मळे बघून येऊ. पुण्याहून विमानाने कोची, तिथून मोटारीने सव्वाशे-एक किलोमीटर घाट. आईने उभ्या आयुष्यात चहा किती केला असेल याला गणती नाही, पण त्याचं पान तिने पाहिलेलं नव्हतं.

हे मळे फार जुने नाहीत. जॉन डॅनियल मन्रो या ब्रिटिशाने 1877 साली पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर पट्ट्याने घेतले. सिंकोना, कॉफी असे प्रयोग झाले, शेवटी चहा टिकला. जंगल तोडलं, तमिळ मुलखातून माणसं आणली, त्यांत बहुतेक भूमिहीन दलित कुटुंबं. माल उतरवायला कुंडला खोऱ्यात छोटी रेल्वेसुद्धा टाकली होती. ती 1924 च्या महापुरात वाहून गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. पुढे मळे टाटांकडे आले. 2005 साली त्यांनी ते नव्या कंपनीच्या हवाली केले, त्यात कामगारच मोठ्या संख्येने भागधारक झाले. ज्या समूहाचे ट्रक पिंपरीतल्या टेल्कोत बनताना बघत आम्ही वाढलो, त्याचं नाव त्या डोंगरात ऐकताना आई चटकन म्हणाली, “म्हणजे हे पण टेल्कोचंच की गं.” तिच्या हिशेबात जिथे भोंगा होतो, हजेरी लागते आणि माणसं गावाकडून आणलेली असतात, ती कंपनी. मला तिचा हिशेब पटला.

नल्लतण्णीच्या चहा संग्रहालयात पान ते पूड हा सगळा प्रवास दाखवतात. हिरवा चहा आणि आपला काळा चहा एकाच झाडाचे, फरक खुडल्यानंतरच्या काही तासांत पडतो. काळ्या चहासाठी पान आधी सुकवून मऊ करतात, मग दातेरी रुळांतून चिरडतात, आणि हवेशी संयोग होऊन ते तांबूस होऊ देतात. हिरव्या चहाला हे होण्याआधीच वाफ देतात किंवा तव्यासारख्या तापलेल्या पृष्ठभागावर परततात. पानातली विकरं निकामी होतात आणि रंग तिथेच थांबतो. साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. चाळणीतून सगळ्यात शेवटी पडते ती भुकटी. आंबेठाण चौकातल्या टपरीवर पहाटेच्या पाळीआधी जो चहा उकळतो, तो अशाच बारीक चहाचा. कमी पुडीत रंग दाट येतो, कडकपणा येतो, दूध-साखर झेपते. उभ्या उभ्या दोन घोटांत जाग आणणारा तो चहा इथल्या कुठल्याही सुवासिक लांब पानापेक्षा हलका मानायला मी तयार नाही. आईला हिरव्या चहाची कपबशी दिली. तिने तो सगळा प्यायला आणि म्हणाली, “पानाची चव आहे. खरी आहे.”

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या मळ्यात खुडणी चालू होती. कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, पायात गमबूट, डोक्याला फडकं. हातात कात्री, तिला पानं झेलायला डबा जोडलेला. दोन पानं आणि एक कळी हे जाहिरातीतलं चित्र. बऱ्याच ठिकाणी आता कात्री चालते, कारण दिवसाचा ठरलेला किलोंचा नेम पुरा करायचा असतो. पोतं भरलं की डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत चढण.

पर्यटक फोटो काढत होते. आई बांधाशी जाऊन उभी राहिली. तिच्या माहेरची जमीन म्हाळुंग्याच्या बाजूला, कांद्याची. ती एमआयडीसीत गेली. शेतात राबलेल्या बाईची नजर आधी दुसरीच्या हातांकडे जाते. पानाच्या चिकाने काळी पडलेली बोटं, अंगठ्याला चिरा. तिने ड्रायव्हरला विचारायला लावलं: पावसात काम बंद असतं का? जळवा लागतात का? बाळंतपणाची रजा किती? त्या बाईने कात्री थांबवली नाही, पण उत्तरं दिली. पावसातच पान जास्त येतं. जळवा लागतात, मीठ जवळ असतं. मग तिने उलट विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? आई म्हणाली, “कांदा.” मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

या बायांनी 2015 च्या सप्टेंबरात काय केलं ते मला आधीपासून माहीत होतं. बोनस 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा हजारोंनी त्या मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. रोजंदारी 232 रुपये होती, मागणी 500 ची. युनियनच्या पुढाऱ्यांना, पक्षांच्या बहुतेक नेत्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. नऊ दिवस रस्ता त्यांचा होता. पेंबिळै ओरुमै, स्त्रियांची एकजूट, असं नाव त्यांनी घेतलं. बोनस 20 टक्क्यांएवढा पदरात पडला, रोज पुढे 301 रुपये झाला. आमच्या पट्ट्यात 1989 चं टेल्को कामगारांचं शनिवारवाड्यावरचं उपोषण अजून सांगितलं जातं. पण नुसत्या बायकांनी, पुढाऱ्याशिवाय, एवढं ओढून नेलेलं आंदोलन आमच्याकडे मला आठवत नाही. हे सांगताना मला अभिमान वाटतो, जरी त्यात माझा काही वाटा नसला तरी.

ज्या घरांत त्या राहतात त्यांना लयम् म्हणतात. एका रांगेतल्या लहान खोल्या, ब्रिटिशांच्या वेळच्या रचनेच्या. घर कामाशी बांधलेलं. काम संपलं की घर सोडायचं; म्हणून कित्येक घरांत एका तरी मुलाला कात्री हातात घ्यावी लागते, छप्पर राखायला. मी स्वतः कंपनीच्या वसाहतीत वाढले. वडील निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करताना भिंतीवरच्या उंचीच्या रेघा आईने ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. पण आमच्यामागे खेड तालुक्यात एक गाव होतं. यांच्यामागे तेही तीन-चार पिढ्यांपूर्वी सुटलेलं.

6 ऑगस्ट 2020 च्या रात्री राजमलाजवळच्या पेट्टिमुडीत अशाच लयमांवर डोंगर आला. सत्तर माणसं गेली. ड्रायव्हरने त्या दिशेला हात केला तेव्हा आई एकच शब्द बोलली, “माळीण.” 30 जुलै 2014. आंबेगाव तालुका आमच्या शेजारचा. तिथे दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली होती. ड्रायव्हरला माळीण ठाऊक नव्हतं. आईने त्याला ते मराठीत सांगितलं, आणि त्याने गाडी हळू करून शेवटपर्यंत ऐकलं.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच वाटेने आलो. खुडणी उरकली होती. ती बाई वजनकाट्याजवळ होती, सोबत तिची लेक. लेक तमिळनाडूत पॉलिटेक्निकला शिकते, सुट्टीत आली होती. तिला हिंदी येत होतं. चाकणचं नाव तिने ऐकलेलं होतं. वरच्या वर्गातल्या मुली तिकडे गेल्या आहेत म्हणाली. पगार किती, मुलींना राहायला मिळतं का, रात्रपाळी असते का, असं तिने एकामागून एक विचारलं. आई तिला अक्का म्हणणाऱ्या त्या मुलीचा हात धरून उभी होती.

मी जे आहे ते सांगितलं. सुरुवातीला ट्रेनी म्हणून घेतात, बहुतेक कंत्राटावर. खोलीत चौघी-पाचजणी राहतात, भाडं वाटून घेतात. कंपनीची बस येते, पण तळेगाव चौकात अडकली की तासभर जातो. पाळी आठवड्याला बदलते. मशीनवर सुरक्षेचं कवच काढून काम करायला कुणी सांगितलं तर करायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. तिने वही काढली आणि माझा नंबर लिहून घेतला. येण्याआधी फोन कर, म्हटलं, आणि कागदावर सही करण्याआधी तो मला पाठव.