अग्निअश्वाचे वर्ष

मंगळ असलेल्या मुलीचे लग्न जुळवताना बापाच्या वहाणा कशा झिजतात, हे आपण घरोघर पाहिले आहे. जपानच्या पंचांगात मंगळाऐवजी घोडा आहे. साठ वर्षांतून एकदा 'हिनोए-उमा', म्हणजे अग्निअश्वाचे वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी तिथली जुनी समजूत. १९६६ साली ते वर्ष आले आणि जन्म एकदम चौथाईने घटले. दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.५८ झाले. पुढच्याच वर्षी ते दोनाच्या वर गेले. घोडा गेला, पाळणे पुन्हा हलू लागले!

खरे नवल पुढेच आहे. १९८९ साली घोडा नव्हता, तरी आकडा १.५७ वर आला. २०२४ साली तर तो १.१५ झाला. १९७५ साली पहिलटकरीण सरासरी २५.७ वर्षांची असे. आता ती एकतिशीच्या घरात आहे. लग्नावाचून मूल तिथे शंभरात दोन-तीनच, तेव्हा लग्न लांबले की पाळणाही लांबतो. रात्री उशिरा घरी येणारा नवरा, घरकामाचा भार बायकोच्या माथी, आणि बाळंतपणापायी सुटलेली नोकरी पुन्हा तशीच मिळायची मारामार. 'पुढे पाहू' म्हणता म्हणता वय निघून जाते. १९७० साली जन्मलेल्या जपानी बायकांत चौथ्या हिश्शाहून अधिक जणींना मूल झाले नाही.

हे आकडे मला परक्यासारखे वाचता येत नाहीत. माझ्याही पदरी मूल नाही. ओटी भरताना एखादीचा हात माझ्यापाशी क्षणभर घुटमळतो, तो मला कळतो. आमच्या यजमानांपाशी मात्र कुणाचा हात कधी घुटमळला नाही. 'वांझ' हा शब्द पुरुषाला कोण लावतो? हिशेबही मांडायचा तो 'दर स्त्रीमागे'! जपानच्या २०२० च्या शिरगणतीत पन्नाशीपर्यंत लग्नच न झालेले पुरुष शंभरात २८ आणि बायका १८ निघाल्या. पण जन्मांच्या त्या हिशेबात पुरुषाचे नाव नाही.

आणि जपान तरी किती दूर? २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्राचाच आकडा १.७ होता.

२०२६ हे पुन्हा घोड्याचे वर्ष. १९६६ साली मुलीच्या जन्माला दोष होता. आता न झालेल्या मुलांचा दोष तिच्याच पदरात पडतो. घोड्याच्या वर्षी जन्मलेली एखादी साठीची बाई मला भेटलीच, तर 'मुले किती?' असे मी विचारणार नाही. 'बाई, आयुष्य कसे गेले?' एवढेच विचारीन.