खारं पाणी कोणत्या विषयात येतं?

अमरावतीच्या राजापेठेत संध्याकाळी कॉलेजची पोरं भेटतात, तेव्हा हल्ली ‘ओपन इलेक्टिव्ह’चा विषय हमखास निघतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावाच लागतो. विज्ञानाच्या एकाला विचारलं, ‘तू काय घेतलं?’ तो म्हणाला, ‘कॉमर्सचं भेटलं, घेऊन टाकलं.’ त्याचे क्रेडिट जमतील. पण शिकलेलं रसायन आणि शिकलेलं वाणिज्य यांची गाठ त्याला कोण घालून देणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

गाठ घालायला जागा शोधत दूर जायला नको. भातकुली-दर्यापूरकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते शेताला देत राहिलं तर त्यातल्या सोडियमने काळी चिकणमाती फुगते, निचरा थांबतो, जमीन चोपण होते. म्हणून शेती पावसाच्या भरवशावर; पाऊस हुकला की कर्ज. गावोगावी मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी. आणि गोडं पाणी दुरून आणायचं ते बहुतेक बायांनीच. यातलं भूगर्भशास्त्र कुठे संपतं आणि अर्थशास्त्र, वैद्यक, समाजशास्त्र कुठे सुरू होतं, हे त्या गावात उभं राहून कोणी सांगावं! तिथली मुलं अमरावतीत शिकायला येतात, पण घरच्या विहिरीवर सगळ्या विषयांनी मिळून विचारलेला प्रश्न त्यांना क्वचितच भेटतो.

अशी गाठ घालणारा माणूस अमरावती जिल्ह्यातच होऊन गेला: पापळच्या पंजाबराव देशमुखांनी वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट मिळवली, ते बॅरिस्टर झाले, शिक्षणसंस्था उभारली आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री राहिले. इतक्या वेगळ्या विद्या त्यांच्यात नांदल्या, कारण शेतकऱ्याच्या पोराचं काय होणार हा प्रश्न त्यांनी कधी खाली ठेवला नाही. आमच्या अभ्यासक्रमात विषय पुष्कळ आहेत, पण असा एकही प्रश्न नाही.

एका विषयात खोल जाणं सुटू नये, हे मलाही मान्य आहे. मातीचं रसायन कच्चं असलेला माणूस चोपण जमिनीबद्दल नुसता हळहळेल. म्हणूनच मला विषयांची नवी यादी नको. एका सत्रापुरता खारपाणपट्टा घ्यावा, रसायनाचे आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकाच वर्गात एकाच वेळी उभे राहावेत, मुलांनी आपापल्या गावचं पाणी तपासावं आणि त्याच गावातल्या पीककर्जाचा हिशेब मांडावा. अडचण कार्यभाराची निघेल: तास कोणाच्या नावावर धरायचा? दोघांच्याही नावावर पूर्ण धरावा.