पहिला हंगाम एकट्या प्रशिक्षकाचा नसतो

कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की जिमखान्यात पहिला प्रश्न ठरलेला: यंदा करंडक आणणार का? नवी मुंबईतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवताना हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि दर वेळी मला २०२२चा महिलांचा आशियाई चषक आठवतो. या स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. भारत आणि चीन एकाच गटात होते आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक नवे होते. एकाच्या वाट्याला जेमतेम एक सामना आला, दुसरीने चषक नेला.

भारताचे प्रशिक्षक थॉमस डेनरबी. त्यांच्या हाताखाली स्वीडन २०११च्या विश्वचषकात तिसरा आला होता आणि नायजेरियाने २०१८मध्ये आफ्रिकेचं विजेतेपद मिळवलं होतं. गोव्याच्या मेमोल रॉकी यांनी २०२१च्या जुलैत पद सोडलं आणि ऑगस्टमध्ये डेनरबी आले. जमशेदपूरला शिबिर झालं, मग यूएई, बहारीन, स्वीडन, ब्राझील असे दौरे. मनौसला ब्राझीलने ६–१ने हरवलं, पण त्या सामन्यात मनीषा कल्याणने प्रतिहल्ल्यावर केलेला बरोबरीचा गोल मी माझ्या मुलींना आजही दाखवते. आपल्या मुलींना एवढी चांगली तयारी क्वचितच मिळाली असेल.

२० जानेवारी २०२२ला नेरुळला इराणविरुद्धचा सामना ०–० सुटला. इराण या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होता. आपल्या मुली धावण्यात कुठेच कमी पडल्या नाहीत, संधीही मिळाल्या. अडलं ते गोलसमोर. शेवटचा पास कधी सोडायचा, कोणत्या पायाने मारायचं, हा निर्णय अर्ध्या सेकंदाचा असतो, आणि शिबिरात तो घडवता येत नाही. त्यासाठी आठवड्यामागून आठवडा चुरशीचे सामने खेळावे लागतात. इथे तर इंडियन विमेन्स लीग फेब्रुवारी २०२०मध्ये संपली ती पुन्हा सुरू झाली थेट एप्रिल २०२२ला. डेनरबींचा सगळा हंगाम त्या खंडात अडकलेला होता.

२३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. संघात करोना पसरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला. इराणविरुद्धचा निकालही रद्द ठरला. सहा महिन्यांच्या मेहनतीतून तक्त्यावर काहीच उरलं नाही. ती संध्याकाळ मला अजून सलते.

चीनच्या श्वे छिंगश्या यांच्याकडे तर वेळ आणखी कमी होता. त्यांची नेमणूक २०२१च्या नोव्हेंबरातली. पण त्या स्वतः चीनकडून हा चषक जिंकलेल्या खेळाडू होत्या, आणि हाती आला तो घरच्या लीगमध्ये खेळून तयार झालेला संघ. उपांत्य फेरीत, पुण्यात बालेवाडीला, त्यांनी जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. ६ फेब्रुवारीला नेरुळला अंतिम सामन्यात दक्षिण कोरिया मध्यंतराला २–० पुढे होता. चीनने तो ३–२ने जिंकला, आणि भरपाई वेळेतला विजयी गोल केला बदली म्हणून आलेल्या श्याओ युयी हिने. अशा वेळी प्रशिक्षकाची हिंमत दिसते, हे खरंच. पण बाकावर बसलेली मुलगी दोन मिनिटांत सामन्यात शिरते, कारण सामने खेळायची तिला सवय असते.

पुढे २०२३-२४मध्ये आपली महिला लीग पहिल्यांदाच घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, दुहेरी फेऱ्यांनी झाली. ती जिंकणाऱ्या ओडिशा एफसीचे प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री. पुढे तेच भारताचे प्रशिक्षक झाले, आणि ५ जुलै २०२५ला चियांग माईत थायलंडला २–१ने हरवून भारत पात्रता फेरीतून आशियाई चषकात पोहोचला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

आता आपल्या कॉलेजांकडे बघा. जूनमध्ये प्रवेश, ऑगस्टपर्यंत मैदानावर चिखल, नंतर सत्र परीक्षा. मधल्या फटीत बाद पद्धतीची स्पर्धा येते आणि एक वाईट दुपार वर्ष संपवते. उरलेला वेळ मुलं भाड्याच्या टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ खेळतात. त्याने पाय चपळ होतात, पण तिथे ऑफसाइड नसतो, लांब क्रॉस नसतो, पन्नास मीटर मागे धावणं नसतं. अशी मुलं पूर्ण मैदानावर आली की बचावफळीची रेषाच मोडते. तिथे प्रशिक्षक बदलून काय साधणार?

प्राचार्यांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघरच्या कॉलेजांनी मिळून पूर्ण मैदानावरची एक लीग सुरू करावी, मुलींचीही. प्रत्येक संघाला निदान दहा सामने मिळू द्या आणि प्रशिक्षकाला तीन वर्षं. करंडकाचा हिशेब त्यानंतर मागा.