वेवजीची वाट आणि आमची फियाट

वेवजी हे नाव तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलेले नसेल. नकाशा पुढ्यात घेतलात तर पालघर जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला, तलासरी तालुक्यात, गुजरातला खेटून बसलेले हे गाव सापडेल. आम्ही वसईहून आगगाडीने निघतो आणि ‘उंबरगाव रोड’ स्टेशनवर उतरतो. गंमत अशी, की हे स्टेशन गुजरातेत, सोलसुंबा गावात आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या आपल्याच घरी जायचे तर आधी गुजरातेत उतरायचे आणि रिक्षा करून पुन्हा महाराष्ट्रात यायचे! १ मे १९६० ला दोन राज्ये झाली, कागदावर रेघ उमटली. पण इथे ती कुठल्या घराच्या कुठल्या कुंपणावरून जाते ते नवख्या माणसाला कळत नाही. या हद्दीवरून वेवजी आणि सोलसुंबा यांच्यात वादही झालेले आहेत. बायकांना त्याचे काही नाही. भाजी जिथे स्वस्त, तिथे त्यांचे राज्य.

माझे सासरे याच तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी बांधलेल्या कौलारू घरात सासूबाई एकट्या राहतात. वसईला चला म्हटले की आज-उद्या करतात. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी आमची वेवजीची खेप ठरलेली.

आता यात मोटारगाडी कुठून आली, ते सांगते. माझे धाकटे दीर मुंबईत नोकरी करतात आणि राहतात आमच्याकडे. अजून लग्न नाही, पगार बरा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक परदेशी स्पोर्ट्‌स कार घेतली. सेकंडहँड खरी, पण दिसायला नवीच. दोन दारे, जमिनीला टेकलेली, मागे बसायला म्हणून जी जागा होती तिथे माझी पर्स तेवढी ऐसपैस बसली असती. तिच्या कर्जाच्या एका हप्त्यात माझ्या अर्धवेळ शिकवण्याचे चार महिन्यांचे पगार मावत होते. मी बोलले नाही. पैसा त्यांचा, हौस त्यांची.

त्या गाडीतून मी एकदाच वेवजीला गेले. खोटे कशाला बोलू, बसायला सुख होते. वसई फाट्यावर अहमदाबादच्या महामार्गाला लागलो आणि मनोर कधी आले ते कळलेही नाही. चारोटीच्या पुढे डहाणूच्या महालक्ष्मीचे देऊळ लागते. चैत्र पौर्णिमेपासून तिथे पंधरा दिवस मोठी जत्रा भरते, आदिवासी बायाबापड्या लांबलांबून येतात. मी नमस्काराला हात जोडीपर्यंत देऊळ मागे पडले. याच चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल मोटार अपघातात गेले. गाडी उत्तम होती, भर दुपार होती. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. मी माझा पट्टा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

खरी परीक्षा तलासरीला महामार्ग सोडल्यावर झाली. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे पोट घासायचे, आणि भावजींच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. घराच्या बोळापाशी गाडी थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचे होते. त्यांचे गुडघे दुखतात. एक पाय आत टाकून त्या अर्धवट वाकल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही गाडी आहे की खाट? हिच्यात बसायचं की निजायचं?” शेवटी रिक्षा बोलावली. येताना त्यांनी बांधून दिलेली तांदळाची गोणी आणि चिकूची टोपली तिथेच राहिली, कारण ठेवायला जागा नव्हती. त्या पावसात घर दोन ठिकाणी गळत होते, तेही भावजींनी पाहिले. परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत.

पुढे काही महिन्यांनी घोलवडकडच्या एका चिकूच्या वाडीत, झाडाखाली झाकून ठेवलेली एक जुनी गाडी त्यांच्या नजरेस पडली. १९७२ची फियाट ११०० डिलाईट. वाडीचे मालक वृद्ध इराणी गृहस्थ. त्यांची मुले परदेशी, गाडी चालवायला कुणी नाही, आणि भंगारात द्यायला त्यांचा जीव धजत नव्हता. भावजींनी स्पोर्ट्‌स कार विकली, कर्ज फेडले, अडीच लाखांना फियाट घेतली, आणि उरलेल्यातून वेवजीच्या घराचे छप्पर उतरवून नवे वासे टाकले. आमच्या ह्यांचे म्हणणे, “नवी देऊन जुनी घेणारा हा पहिलाच!” शेजारी तर दबक्या आवाजात विचारून गेले, नोकरी गेली का म्हणून.

भावजी या गाडीला ‘ग्रँड टूरर’ म्हणतात. मी मास्तरीणबाई, शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय राहवले नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतले तरुण युरोप पाहायला, विशेषतः इटलीला, महिनोन्‌महिने जात. त्या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत. पुढे इटालियन लोकांनी लांबच्या पल्ल्याला, सामानसुमानासह आरामात जाणाऱ्या गाडीला ‘ग्रान तुरिस्मो’ म्हटले. स्पोर्ट्‌स कार वेगासाठी, ही वाटेसाठी. शास्त्राप्रमाणे आमची फियाट त्यात बसत नाही. ती साधी कुटुंबवत्सल गाडी. पण १९५३ साली इटलीत याच ११०० घराण्यात ‘तुरिस्मो व्हेलोचे’, म्हणजे जलद प्रवासाची, अशी एक बहीण निघाली होती, एवढ्या नात्यावर भावजी खूष आहेत. आमच्या ऐपतीची ग्रँड टूरर म्हणा हवे तर.

तुमच्या-माझ्या माहेरी या गाडीच्या आठवणी असतीलच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. तिच्या आधीच्या गोलमटोल गाडीला लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ साली फियाट घेतली ती बारा हजारांना, त्यातले पाच हजार बँकेचे कर्ज. ताश्कंदला ते गेल्यावर ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून ते फेडले. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि हप्ते बायकोच्या पदरात! हिचीच पुढची पिढी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे तिचे आयुष्य ३० ऑक्टोबर २०२३ पासून संपले.

आता घरातल्या भांडणाकडे येते. फियाट आली तेव्हा बेत असा, की मुलांसकट सगळ्यांनी वसईहून महामार्गाने वेवजीला जायचे. मी सरळ नाही म्हटले. चारोटीचा पूल माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. या गाडीला मागे पट्टे नाहीत, हवेच्या पिशव्या तर नाहीतच, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ट्रेलर-कंटेनरच्या गर्दीत तिने एकदम थांबायचे कसे? भावजी म्हणाले, “वहिनी, पट्टे बसवले तर गाडीचा ओरिजिनलपणा जातो.” मी म्हटले, “माझी मुलंही ओरिजिनलच आहेत, भावजी.” दोन दिवस घरात अबोला होता. मग भावजींनी स्वतःच पुढे-मागे पट्टे बसवून आणले. नुसते पत्र्याला स्क्रू मारून चालत नाही. खालून मजबुतीची पट्टी जोडावी लागते, म्हणून चांगला मिस्त्री शोधला. तरीही पट्ट्याने जुनी गाडी नवी होत नाही, हे त्यांनाही पटले. तेव्हापासून फियाट वेवजीलाच राहते, आणि आम्ही आगगाडीने जातो.

तुमच्या घरातही कुणाला असा जुन्या गाडीचा मोह पडला असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे असलेली पाटी मिळते, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळाव्या-प्रदर्शनापुरतीच. आम्ही म्हणून ती घेतली नाही. साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करायचे आणि पर्यावरण कर भरायचा. दुसरे म्हणजे, आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याने जुने रबरी पाईप खराब होऊन गळू लागतात. ते आधी बदलून घ्या, गळके पेट्रोल म्हणजे विस्तवाशी खेळ.

पण सुख विचाराल तर ते वेवजीच्या आसपासच्या वाटांवर आहे. पुढे सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे सासूबाई खुर्चीत बसावे तशा पुढे बसतात. एसी नाही. खिडकीची पुढची तिकोनी काच फिरवली की वारा थेट अंगावर येतो. चाळिसाच्या वेगाने बोर्डीला जाताना दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, अधूनमधून ताडाची झाडे, आणि मग सुरूच्या बनामागे समुद्र. एकदा कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे जे काम सुरू केले, ते पुढे या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती आणि मी माझ्या मुलांना हे सांगत होते. वर पोचेपर्यंत ताराबाई पूर्ण सांगून झाल्या. त्या दुसऱ्या गाडीत तर त्यांचे नाव घेईपर्यंत टेकडी संपली असती.

उंबरगावच्या बाजूने गेलो की सासूबाई हमखास ‘रामायणा’ची गोष्ट काढतात. १९८७-८८ साली दर रविवारी दूरदर्शनवर आपण हात जोडून पाहिलेल्या त्या मालिकेचे चित्रीकरण उंबरगावच्या स्टुडिओत झाले. “सीतामाई इथल्याच बाजारातून जायची,” असे त्या सांगतात. खरे-खोटे त्यांनाच ठाऊक.

गाडी सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. कधी तीही पुरे पडत नाही, मग शेजारची वारली पोरे हसत हसत धक्का मारतात आणि मोबदला म्हणून समुद्रापर्यंत यायचे कबूल करून घेतात. पावसाळाभर ती पडवीत ताडपत्रीखाली असते. दसऱ्याला झेंडूचा हार घालून बाहेर काढायची. यंदा सासूबाईंनी संजाणचा बेत ठरवला आहे. पारशी लोक इराणातून तिथे उतरले, त्याचा १९२० साली उभारलेला स्तंभ त्यांनी इतकी वर्षे जवळ राहून पाहिलेला नाही. डब्याला काय घ्यायचे ते त्यांनी आत्ताच फोनवर कळवले आहे. बटाट्याची भाजी, पुऱ्या, आणि त्या इराणी गृहस्थांसाठी वेगळी बरणीभर लिंबाचे लोणचे. येताना त्यांनाही गाडीतून एक फेरी मारून आणायची आहे.